गुडघेदुखीवर चूर्णे आणि काढे घेताना या चुका टाळा

बेळगावात शहापूरला काष्ठौषधींच्या दुकानात बसून मला बरीच वर्षे झाली. गुडघ्यांची झीज झालेली माणसे येतात आणि म्हणतात, "तीन दिवसांत गुण येईल असे काहीतरी द्या." तसे माझ्याकडे काही नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याची मला भीती वाटते.

निपाणीकडच्या माझ्या आत्याने जत्रेतल्या एका वैदूकडून नाव-गाव नसलेल्या पुड्या आणल्या. तिसऱ्याच दिवशी ती मांडी घालून भाकऱ्या थापायला बसली आणि घरच्यांनी उलट मलाच सुनावले. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल सुजला व रक्तातील साखर वाढली. घाबरून तिने पुड्या एकाएकी बंद केल्या, तेव्हा चक्कर, उलट्या आणि खाली गेलेला रक्तदाब यांमुळे तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. पुडीत स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि वेदना झटपट दाबणारे औषध, मिसळलेले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल (त्याच जातीचे नैसर्गिक संप्रेरक) बनवणे कमी करते, म्हणून ते अचानक थांबवणेही धोक्याचे असते. अशी पुडी घरात असल्यास फेकू नये. ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.

दुसरी चूक हळदीच्या दुधाची. सांगलीची कितीही चांगली हळद आणली, तरी तिच्यात करक्युमिन, म्हणजे जिच्यामुळे गुण येतो असे मानतात ती पिवळी द्रव्ये, साधारण तीनच टक्के असते. म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात शंभर मिलिग्रॅमही नाही, आणि तेही आतड्यांतून फारसे शोषले जात नाही. दूध जरूर प्यावे, पण त्याला उपचार समजू नये. हळदीचा अर्क किंवा शल्लकी (सालईच्या झाडाचा डिंक) घेतल्यास गुण येतो का हे पाहायला मी स्वतः निदान सहा आठवडे थांबतो आणि एका वेळी एकच वस्तू सुरू करतो, नाहीतर गुण कशाचा आणि अपाय कशाचा, हे कळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हळदीचा अर्क किंवा सुंठ डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतले ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे; शिवाय २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, १५८३ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ते एकंदरीत औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नव्हते.

राहिले डिंकाचे लाडू. डिंक सांध्यात जाऊन वंगण होत नाही, त्यातील तूप-गूळ मात्र अंगावर चढतो. आणि वजन एक किलो घटले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. हे सांगितल्यापासून आमच्या मामी माझ्याकडून डिंक घेत नाहीत. समोरच्या दुकानातून घेतात.