पंथाविना ख्रिस्ती जीवन: वाचन, प्रार्थना, सोबत आणि इतर व्यवस्था

कोणत्याही पंथाचं सभासदत्व न घेता ख्रिस्ती विश्वास जगता येतो. मात्र मंडळी, म्हणजे चर्च, जी कामं आपल्या नकळत करत असते, ती सगळी मग आपल्या अंगावर येतात. या रविवारी कोणता उतारा वाचायचा हे तिथे आधीच ठरलेलं असतं. प्रार्थनेचे शब्द तयार असतात, आजारपणात कुणीतरी दाराशी येतं, आणि चुकलं तर कान धरणारं माणूस असतं. हे कान धरणारं माणूस सगळ्यात आधी हरवतं आणि त्याची उणीव सगळ्यात उशिरा जाणवते. त्यामुळे ही सगळी व्यवस्था स्वतःहून, विचार करून बसवावी लागते.

वाचनापासून सुरुवात करा, पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून नको. उत्साहाने निघालेले बरेचजण निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात, निवासमंडपाच्या मापांपाशी अडखळतात आणि लेवीयपर्यंत पोहोचतच नाहीत. आधी मार्क घ्या. ते सगळ्यात छोटं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, १६ अध्यायांचं. मग लूक आणि त्याला लागूनच प्रेषितांची कृत्ये. ही दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाने थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून लिहिली आहेत, म्हणून सलग वाचली की जास्त उलगडतात. त्यानंतर मत्तय आणि शेवटी योहान. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात, रोज एक धरला तर तीन महिन्यांचं काम. पुढे संपूर्ण नवा करार घ्यायचा असेल तर त्याचे अध्याय २६०: आठवड्याला पाच, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. उरलेले दोन दिवस मागे पडलेलं भरून काढायला मोकळे ठेवा. सातही दिवस भरलेला क्रम पहिल्या तापातच मोडतो, आणि मोडला की माणूस पुन्हा हात लावत नाही.

स्तोत्रसंहिता मात्र पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या. १५० स्तोत्रं महिन्याभरात बसवण्याची एक सोपी रीत आहे: तारखेच्या आकड्याचं स्तोत्र घ्यायचं आणि पुढे तीस-तीस मिळवत जायचं. सात तारखेला ७, ३७, ६७, ९७ आणि १२७. पाचही जमली नाहीत तर एकच वाचा. एकोणतीस तारखेला ११९ वं येतं, ते १७६ ओव्यांचं आहे. ते बाजूला ठेवून एकतीस तारखेला वाचावं. रागाची आणि शापांची स्तोत्रं गाळू नका. देवासमोर काय काय बोलता येतं हे शिकवणारी दुसरी जागा नाही.

एकट्याने वाचणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे सुटी ओवी उचलणं. यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पाठवलेल्या पत्रात (यिर्मया २९:११) देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. हे वचन नोकरीच्या किंवा परीक्षेच्या तोंडावर स्वतःला लावून घेतलं जातं. पण दहावी ओवी वाचा: हे घडणार बाबेलमधली सत्तर वर्षं भरल्यावर. पत्र मिळालेल्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तेच फिलिप्पैकरांस ४:१३ चं. मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो, असं पौल लिहितो तेव्हा तो बंदिवासात आहे, आणि आधीच्या ओवीत विषय आहे तो पोटभर असताना आणि उपाशी असतानाही तृप्त राहण्याचा. यशाचं आश्वासन त्यात नाही. नियम साधा ठेवा: ओवी पाठ करण्याआधी तिच्या मागच्या दहा आणि पुढच्या दहा ओव्या वाचायच्या. भाषांतरं किमान दोन ठेवा, एक जुन्या वळणाचं आणि एक सोप्या भाषेतलं. तळटीपांचं बायबल घेतलंत तर टीपा कोणत्या परंपरेच्या आहेत ते प्रस्तावनेत बघून घ्या. नाहीतर दारातून घालवलेला पंथ खिडकीतून आत येतो. पुस्तकांची संख्याही परंपरेप्रमाणे बदलते: प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, कॅथलिक बायबलमध्ये ७३, ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याहून अधिक.

प्रार्थनेसाठी सकाळची पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत आणि जागा ठरलेली हवी. दोन मिनिटं गप्प बसा. एक स्तोत्र मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलेलं लवकर निसटतं. मग त्या दिवसाच्या अध्यायातल्या एकाच प्रसंगापाशी थांबा. समजा मार्कचा दुसरा अध्याय आहे, छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात तो. तीन प्रश्न विचारा: येशू आधी काय म्हणतो (पापांची क्षमा, बरं करणं नंतर), कुणाचा विश्वास बघून म्हणतो (त्याला घेऊन आलेल्यांचा), आणि चिडतं कोण. आज मी कुणाला उचलून नेणार, हे उत्तर त्यातूनच मिळतं, आणि तीच त्या दिवसाची प्रार्थना होते. त्यानंतर नावं घेऊन मध्यस्थीची प्रार्थना: पाच-सहा नावं, त्यातलं एक आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचं. शेवटी प्रभूची प्रार्थना, मत्तय ६:९-१३. डिडाखे या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तकात ती दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगितली आहे. ठरावीक शब्दांना कमी लेखू नका. दुःखात किंवा कोरड्या दिवसांत स्वतःचे शब्द आटतात, तेव्हा हेच शब्द हाताशी असतात.

त्याच डिडाखेत बुधवारी आणि शुक्रवारी उपास सांगितला आहे. सुरुवातीला आठवड्यात एकच जेवण सोडा आणि तो वेळ प्रार्थनेला द्या. मधुमेह, गरोदरपण किंवा खाण्याशी संबंधित आजार असेल तर अन्नाऐवजी दुसरं काही सोडावं. मत्तय ६ प्रमाणे उपासाचा गाजावाजा नको.

रविवारी प्रेषितांचा मतांगिकार (विश्वासाची ठरलेली, थोडक्यातली कबुली) किंवा नायसियाचा मतांगिकार म्हणा. दुसऱ्याची सुरुवात ३२५ च्या नायसिया परिषदेत झाली आणि आज वापरतात ते रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेलं आहे. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो या वाक्यात पाश्चात्त्य मंडळ्या ‘आणि पुत्रापासून’ असं म्हणतात, पूर्वेकडच्या म्हणत नाहीत. तो भेद सोडला तर ही बहुतेक सर्व पंथांची समाईक जमीन आहे. पंथ नसलेल्याला तिची गरज जास्त, कारण तुमचा एखादा नवा शोध याच्याबाहेर जातो आहे का हे लगेच तपासता येतं.

बाप्तिस्मा स्वतःला देता येत नाही. नव्या करारात प्रत्येक जण तो दुसऱ्याच्या हातून घेतो; प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा षंढ अधिकारी वाटेत पाणी बघून थांबतो, तरी पाण्यात सोबत फिलिप्प उतरतो. देणाऱ्या पाळकाला आधीच स्पष्ट विचारा की बाप्तिस्म्यासोबत सभासदत्व धरलं जातं का. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव, या दोन गोष्टी असल्या तर कॅथलिक आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तो मान्य करतात. बाप्टिस्ट मंडळ्या बालपणीचा बाप्तिस्मा सहसा धरत नाहीत. तारीख, देणाऱ्याचं नाव आणि दोन साक्षीदार लिहून, सह्या घेऊन ठेवा.

प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, अडचण मोठी आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत दीक्षित याजकाशिवाय ते होत नाही आणि सहसा बाहेरच्यांना दिलं जात नाही. तिथे गेलात तर उपासनेला बसा, पण रांगेत उभे राहू नका. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही आमंत्रण असतं. सगळ्यात सरळ वाट म्हणजे अशा एखाद्या मंडळीत महिन्यातून एकदा जाणं. छोट्या गटात घरी करायचं ठरलं तर १ करिंथ ११:२३-२९ वाचून, आपसातली भांडणं आधी मिटवून करा. एकट्याने करू नका, कारण पौलाची सगळी तक्रारच तिथे एकमेकांची वाट न पाहण्याबद्दल आहे. क्वेकर आणि सॅल्व्हेशन आर्मी हे ख्रिस्ती गट बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी पाळत नाहीत, तेव्हा काही काळ जमलं नाही म्हणून खचू नये.

आता सोबतीचं. मत्तय १८:२० मध्ये दोघे-तिघे म्हटलं आहे, तेवढे पुरे. आठवड्यातून एकदा, दीड तास, एकच उतारा. चालवणारा दर वेळी वेगळा असावा, पैसे गोळा केले तर हिशेब सगळ्यांसमोर वाचावा, आणि वर्षातून एकदा गट चालू ठेवायचा का यावर खुलं बोलावं. हे काटेकोर वाटेल, पण पंथ नको म्हणून जमलेले गटच बऱ्याचदा एका प्रभावी माणसाभोवती नवा आणि जास्त कडक पंथ होऊन बसतात. लक्षणं ओळखता येतात: खरा अर्थ फक्त आपल्यालाच कळला आहे असं वारंवार ऐकू येतं, सोडून गेलेल्यांशी बोलायला मनाई होते, हिशेब विचारणारा अविश्वासू ठरतो. यातलं एकही दिसलं तर निघा.

गटाखेरीज वेगवेगळ्या परंपरांतली दोन अनुभवी माणसं गाठा, उदाहरणार्थ एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट. तीन-चार महिन्यांतून एकदा त्यांच्यापुढे बसा. पैसा कुठे गेला, कुणाशी बोलणं बंद आहे, कोणती प्रार्थना टाळतो आहे, हे त्यांना विचारू द्या आणि खरं उत्तर द्या. याकोब ५:१६ मध्ये पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलं आहे, ते या जागी होतं. ऐकणारा गुपित राखणारा हवा, हे आधी पारखून घ्या. एखादा नवा अर्थ सुचला तर तो दोघांसमोर मांडा. दोघेही नको म्हणत असतील तर तो निदान वर्षभर कुणाला शिकवू नका.

दान महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढा. शेवटी उरेल ते द्यायचं ठरवलं की काहीच उरत नाही. २ करिंथ ९:७ प्रमाणे प्रत्येकाने मनात ठरवलेलं द्यायचं आहे. दशांश हे सुरुवातीचं सोयीचं माप समजा. पाळकाचा पगार आणि इमारत तुमच्या वाट्याला नाही, तेव्हा रक्कम थेट गरजवंतापर्यंत पोहोचेल असं बघा.

लग्न आणि अंत्यविधी यांची तयारी वेळेवर करा. अनेक मंडळ्या सभासद नसलेल्यांचं लग्न लावत नाहीत, म्हणून कायदेशीर नोंदणी वेगळी करून आशीर्वादाची प्रार्थना गटात ठेवता येते. अंत्यविधीसाठी एका कागदावर लिहून ठेवा: उपासना कोण चालवेल, कोणते उतारे वाचायचे, पुरायचं की दहन करायचं, दफनभूमीत जागेबद्दल कुणाशी बोलणं झालं आहे. मंडळीच्या ताब्यातल्या दफनभूमीत सभासद नसलेल्याला जागा नाकारली जाऊ शकते, त्यामुळे ही चौकशी हातीपायी धड असतानाच व्हावी. कागदाची एक प्रत घरात ठेवा आणि एक त्या दोन अनुभवी माणसांपैकी कुणाकडे तरी द्या.