'ऑफ' म्हणजे नुसतं 'बंद' नव्हे

'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.' याचा अर्थ 'पाच वाजता अलार्म बंद पडला' असा लावला, तर तो बरोबर उलटा होतो. अलार्म वाजला! गफलत होते कारण 'ऑफ' आपण भिंतीवरच्या बटणावरून शिकतो. त्याऐवजी 'सुटणं, अलग होणं' हा अर्थ मनात धरा. गोळी सुटते, गाडी सुटते. 'वुई आर ऑफ' म्हणजे 'निघालो आम्ही'. दिवा बंद होतो तोही वीजपुरवठा तुटल्यामुळेच.

'वेंट ऑफ' दिसलं की आधी कर्ता पाहा. बॉम्ब असेल तर फुटला, दिवे असतील तर गेले, दूध असेल तर नासलं (हे ब्रिटिश वळण, अमेरिकेत 'वेंट बॅड' म्हणतात). अलार्म बंद करायचा तर 'टर्न ऑफ'. 'सेट ऑफ द अलार्म' म्हटलंत तर तो वाजवलात.

ऑफिसच्या मेलमध्ये सर्वांत महागात पडणारी जोडी म्हणजे 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ'. पहिल्याचा अर्थ पुढे ढकलणं, दुसऱ्याचा रद्द करणं. मीटिंग सोमवारवर गेली असताना 'कॉल्ड ऑफ' लिहिलं, तर सोमवारी कुणीच येणार नाही.

सर्वनाम कुठे बसवायचं, हेही बघा. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतात. पण 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. बसमधून उतरण्याचं मात्र वेगळं, तिथे 'गेट ऑफ इट' हेच बरोबर. शिवाय बस, ट्रेन यांना 'गेट ऑफ', पण कार आणि रिक्षाला 'गेट आउट ऑफ'.

पुण्या-मुंबईच्या पत्त्यांत 'ऑफ लिंक रोड', 'ऑफ जंगली महाराज रोड' असतं. म्हणजे इमारत त्या रस्त्यावर नाही, त्याला फुटलेल्या गल्लीत आहे. मुख्य रस्त्यावर पाट्या वाचत फिरू नका, वळण शोधा. क्रिकेटच्या धावफलकातलं '30 ऑफ 15' म्हणजे 15 चेंडूंत 30 धावा.

दुकानातल्या पाटीवर 'ऑफ'च्या आधीचा आकडा वजा होतो: 1000 रुपयांवर '40 टक्के ऑफ' म्हणजे 600 द्यायचे. '50 + 20 टक्के ऑफ' ही बेरीज सहसा 70 नसते. आधी 1000 चे 500, मग त्या 500 वर 20 टक्के सूट, म्हणजे बिल 400. 'अप टू' हे शब्द बारीक अक्षरात असतील तर तेवढी सूट थोड्याच वस्तूंवर असते.

'मूड ऑफ' आणि 'ऑफ पिरियड' हे आपल्याकडचे प्रयोग. घरी खुशाल वापरा. लंडनच्या माणसाशी बोलताना 'इन अ बॅड मूड' आणि 'फ्री पिरियड' म्हणा.

राहिलं स्पेलिंग. 'बँक ऑफ महाराष्ट्र' मधला 'ऑफ' वेगळा शब्द आहे: त्यात एकच एफ असतो आणि उच्चार 'ऑव्ह'कडे झुकतो. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून इंग्रजीत लिहिताना हात चुकतो. 'चा-ची-चे' बसत असेल तर एक एफ; सुटणं, तुटणं, उतरणं, बंद होणं असेल तर दोन. रजेच्या अर्जातल्या 'डे ऑफ'ला दोन, 'फर्स्ट डे ऑफ द मंथ'ला एक.