छोट्या विमानतळाचं टर्मिनल किती मोठं हवं? आधी गर्दीचा तास शोधा

वर्षाला अमुक लाख प्रवासी म्हणून अमुक हजार चौरस मीटर, असं त्रैराशिक मांडून टर्मिनल काढायला बसलात तर हमखास फसाल, कारण इमारत वर्षाने नाही भरत, तासाने भरते. दुपारी दोनला चिटपाखरू नाही आणि चारला पाय ठेवायला जागा नाही, लहान विमानतळांची हीच तऱ्हा असते.

शिर्डी घ्या. १ ऑक्टोबर २०१७ ला तिथल्या काकडी गावातला विमानतळ सुरू झाला, रनवे २५०० मीटरचा, म्हणजे एअरबस ३२० आणि बोइंग ७३७ आरामात उतरतात, आणि एकेक विमान दीडशे-पावणेदोनशे माणसं एकदम आणून ओततं. त्यात सुरुवातीची काही वर्षं नाइट लँडिंग नव्हतं, मग सगळी विमानं दिवसाउजेडीच बसवायची, गर्दी आणखी दाटते. म्हणून पहिलं काम म्हणजे एअरलाइन्सचं टाइमटेबल घ्या आणि एका तासात जास्तीत जास्त किती विमानं येतात ते बघा. गुरुपौर्णिमा, रामनवमीचा आठवडा वेगळा काढून ठेवा, त्याच्यावर डिझाइन करू नका, नाहीतर उरलेलं वर्ष मोकळ्या हॉलला एसी घालत बसाल.

आता हिशोब, आकडे समजुतीसाठी धरलेत. तासाला १८० सीटची दोन विमानं, ८५ टक्के भरलेली, म्हणजे जाणारे ३०६ आणि येणारेही ३०६, एकूण ६१२. हे बरोबर वाटतंय का ते तपासायला अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याचं, गुणोत्तर वापरा, वर्षाला ५ ते १० लाख प्रवासी असतील तर गर्दीच्या तासाला त्याच्या ०.०८ टक्के. ७ लाख धरले तर ५६०, म्हणजे आपण वाट चुकलेलो नाही. गंमत अशी की १ लाखाच्या खाली हेच प्रमाण ०.२० टक्के आहे आणि १० लाखांच्या पुढे ०.०५, विमानं दिवसभर पसरतात ना, त्यामुळे प्रवासी दुप्पट झाले म्हणून जागा दुप्पट लागत नाही.

चेक-इन: ३०६ पैकी पाव लोक केबिन बॅग घेऊन सरळ आत जातील, राहिले २३०, त्यातले निम्मे एकाच अर्ध्या तासात येतात. ११५ जण, प्रत्येकी २ मिनिटं, म्हणजे ३० मिनिटांत ८ काउंटर लागतात. ती २ मिनिटं माझ्या शब्दावर घेऊ नका, घड्याळ लावून स्वतः मोजा, देवस्थानाला येणाऱ्या ग्रुपला आणि व्हीलचेअरवाल्या आजींना जास्तच लागतात.

सिक्युरिटीनंतरच्या हॉलला आयाटाचं, म्हणजे एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेचं, माप बसलेल्याला १.७ आणि उभ्याला १.२ चौरस मीटरपर्यंत जातं. एका वेळी ८० टक्के लोक आत, त्यातले ७० टक्के बसलेले धरा, साधारण ३८० चौरस मीटर होतात, टॉयलेट-दुकानं वेगळी. पण एक विमान लेट झालं की आधीचे दीडशे उठत नाहीत आणि नवे येतच राहतात! ही जागा मी कधीच काटेकोर ठेवत नाही, काटकसर करायचीच तर दुकानांत करा.

बॅगेज बेल्टपाशी उलटं असतं, माणसं चालत पटकन पोचतात आणि बॅगा मागून येतात, त्यामुळे एका विमानाचे १५३ जण एकदम उभे. १.७ ने २६० चौरस मीटर.

सगळ्यात दुर्लक्षित जागा दाराबाहेरची. आपल्याकडे तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून सोडायला आलेले सगळे बाहेरच. एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबते, सतरा माणसं उतरतात, सगळ्यांची तिकिटं एकाच्या फोनमध्ये, आणि तो फोनवाला मागे ड्रायव्हरशी पैशांचा हिशोब करतोय, तोवर बाकीचे सोळा बॅगा घेऊन गेटवर अडून. इथे रुंद फुटपाथ आणि डोक्यावर छप्पर हवंच.

वाढीची बाजू पहिल्या दिवशीच ठरवा. त्या बाजूच्या भिंतीला टॉयलेट, इलेक्ट्रिकल रूम, बेल्ट असलं काही चिकटवू नका, नुसती काच ठेवा, म्हणजे पुढे इमारत लांबवताना विमानं चालू असतानाच ती काढता येते.