घाटाच्या आधी कूलंट बघून घ्या

मे महिन्यात बाइकवरून ताम्हिणीतून कोकणात उतरायचा बेत असेल, तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, तपासणी निदान आठवडाभर आधी उरका. गळती सापडली तर दुरुस्तीला वेळ हवा. उतरताना इंजिनावर फार ताण नसतो. खरा ताण परतीच्या चढाला येतो: मागे माणूस, सामान, पुढे रांगणारा ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि रेडिएटरला वारा नाही. हे अर्थात ड्यूक, एनएस २००, आर१५, डॉमिनार, हिमालयन ४५० अशा लिक्विड कूल्ड, म्हणजे कूलंटने इंजिन थंड होणाऱ्या, गाड्यांसाठी. स्प्लेंडरला रेडिएटरच नसतो.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सरळ उभी करा. साइड स्टँडवर लेव्हल चुकीची दिसते. कूलंटच्या छोट्या प्लास्टिकच्या टाकीच्या मागून टॉर्च मारला की कूलंटची रेघ स्पष्ट दिसते. ती मिन आणि मॅक्सच्या मधे हवी. पण तेवढ्यावर थांबू नका. रेडिएटरचं झाकणही उघडून बघा, कूलंट गळ्यापर्यंत हवं. टाकीतून रेडिएटरकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल, तर इंजिन थंड होताना कूलंट परत खेचलं जात नाही. मग टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा तडकलं असेल तर झाकण बदला. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो म्हणून कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. दाब सुटला की त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

लेव्हल कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. बंद सिस्टिममधलं कूलंट गेलं कुठे, ते शोधा. होजच्या (कूलंटच्या रबरी नळीच्या) क्लॅम्पपाशी पांढरट-हिरवट खरपुडी दिसते का? वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे ओल असेल तर पंपाचं सील गेलं. ऑइलच्या काचेत दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय; ती गाडी मेकॅनिककडेच न्या, प्रवासाला नको.

भरायला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तयार मिश्रण घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर बहुधा निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी तर मुळीच नको, क्षार आत धरतात. रंग सारखा म्हणून दोन कंपन्यांची कूलंट एकत्र करू नका. गंजरोधक रसायनं कालांतराने संपतात, त्यामुळे लेव्हल ठीक असली तरी साधारण दोन वर्षांनी कूलंट बदलावंच लागतं. जुनं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

रेडिएटरच्या पात्यांमधला चिखल हलक्या धारेने काढा, प्रेशर वॉशरने पाती वाकतात. मग गाडी जागेवर चालू ठेवून फॅन सुरू होतो का बघा. झाला नाही तर आधी फ्यूज तपासा.

सोबत अर्धा लिटर तयार कूलंट आणि एक जास्तीचा क्लॅम्प असू द्या. घाटात तापमानाचा दिवा लागलाच तर सुरक्षित जागी, जमल्यास सावलीत थांबून इंजिन बंद करा आणि पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका.