पैसे आले, पण कुठे? गावाकडच्या बँक खात्यातल्या या चुका टाळा

गावात बँक मित्र म्हणून, म्हणजे मशीनवर अंगठा घेऊन पैसे काढून देणारा बँकेचा माणूस म्हणून, बसायला लागल्यापासून एक वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय: "भाऊ, माझे पैसे आलेच नाहीत." बरेचदा ते आलेले असतात, पण भलत्याच खात्यात.

आधार 'लिंक' आहे, पण कुठल्या बँकेला?

एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावलेली तीन पासबुकं घेऊन आल्या. एक जनधनचं, एक बचत गटाच्या वेळी काढलेलं आणि तिसरं कुणाच्या तरी कर्जासाठी उघडलेलं. लाडक्या बहिणीचे हप्ते तिसऱ्यात साचत होते आणि मावशी दर महिन्याला पहिलं पासबुक भरून आणत होत्या!

केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधारची झेरॉक्स दिली की काम झालं, असं आपण धरून चालतो. पण आधारवर येणारं सरकारी अनुदान खाते क्रमांक बघत नाही. एका आधारला एका वेळी एकच बँक अनुदानासाठी जोडलेली असते, आणि ती म्हणजे तुम्ही शेवटची संमती जिथे दिली ती. नवीन खातं उघडताना घाईत केलेल्या सह्यांमध्ये ही संमतीही असू शकते.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' (सीडिंग म्हणजे ही जोडणी) बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत 'अनुदानासाठी आधार सीडिंग' असा लेखी अर्ज द्या. नुसतं "लिंक करा" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस केवायसी करून मोकळा होतो. आणि खरं सांगायचं तर तीन खाती लागतात कुणाला?

"नेटवर्क गेलं, परत अंगठा लावा"

हे माझ्याच धंद्यातलं, म्हणून सांगताना थोडी लाज वाटते. बहुतेक वेळा नेटवर्क खरंच गेलेलं असतं. पण प्रत्येक अंगठा हा वेगळा व्यवहार असतो. त्यामुळे पहिला फेल झाल्याची पावती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका. पावतीवर शिल्लक छापलेली असते, ती तिथेच कुणाकडून तरी वाचून घ्या. खात्यातून रक्कम कापली गेली आणि हातात पडली नाही, तर त्याच दिवशी पावती जोडून शाखेत लेखी तक्रार करा. एटीएममध्ये असं झालं तर बँकेने ५ दिवसांत पैसे परत जमा करायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. फसवणुकीचा संशय असेल तर लगेच १९३० ला फोन लावा. आधारचं बायोमेट्रिक लॉकही करता येतं. पैसे काढायच्या वेळी तेवढं उघडायचं.

२० रुपयांवरून भांडण

"हे २० कशाचे कापले?" ते पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे, वर्षाचा हप्ता. ४३६ कापले असतील तर जीवन ज्योती विमा योजनेचे. पहिल्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. मे संपता संपता खातं रिकामं केलं तर हप्ता कापला जात नाही आणि १ जूनपासून विमा बंद पडतो. पासबुकातली ती ओळ घरच्यांना दाखवून ठेवा. त्यांना माहीतच नसेल तर दावा करणार कोण?

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे

पाटी तशीच, काउंटर तसाच, पासबुकही तसंच. वर एक-दीड टक्का व्याज जास्त. पण बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. हे ५ लाख प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही, माझीही पिग्मी (रोज थोडे थोडे पैसे भरायची बचत) चालू आहे. पण मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे मी तिथे ठेवणार नाही. पिग्मीवाला आला की मशीनची पावती घ्या, "उद्या एकदम देतो" चालवून घेऊ नका.

पडून राहिलेलं खातं

२ वर्षं तुम्ही काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. १० वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही, मागता येते. खातं पुन्हा चालू करायला केवायसीचे कागद लागतात, फी लागत नाही. कुणी मागितलीच तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

खातं चालू करायला शाखेत गेलाच आहात तर वारस (नॉमिनी) लावलाय का तेही विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. त्या मावशींच्या तिन्ही पासबुकांवर ही जागा कोरी होती.