पडद्यावरचं हेलिकॉप्टर नेमकं कोणतं? आधी पाती मोजा

सिनेमासाठी हेलिकॉप्टरला हवा तो रंग फासता येतो. बाजूला खोटे आखूड पंख बसवता येतात, त्यांच्याखाली रॉकेटची पोकळ नळकांडी टांगता येतात, दारावर लाल तारा रंगवता येतो. डोक्यावरच्या मुख्य पंख्याची पाती मात्र कलादिग्दर्शकाच्या हातात नसतात. एखादं पातं वाढवायचं म्हटलं तर अख्खं यंत्रच नव्याने बांधावं लागेल. म्हणून ओळखायची सुरुवात वरून करा, रंगावरून नको.

त्यासाठी योग्य फ्रेम हवी. उडत्या दृश्यात पाती धूसर दिसतात, तेव्हा इंजिन सुरू होतानाचं किंवा उतरल्यावर पंखा थांबत आल्याचं दृश्य शोधा. यूट्यूबवर दृश्य थांबवलं की पूर्णविरामाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जाता येतं, स्वल्पविरामाच्या कळीने मागे. व्हीएलसीमध्ये ‘ई’ दाबला की एक फ्रेम पुढे सरकते. सगळी पाती एकदम दिसली नाहीत तरी एक पातं पकडा आणि त्याच्या बरोबर समोर दुसरं आहे का ते बघा. असेल तर संख्या सम, नसेल तर विषम. तेवढ्यावर अर्धी यादी गळते.

व्हिएतनाम युद्धातलं ह्यूई दोन पात्यांचं. चेतक, चीता आणि फ्रेंच गझेल तीन पात्यांची. ब्लॅक हॉक, अपाची, प्यूमा आणि आपलं ध्रुव चार पात्यांची. रशियन मि-17 आणि मि-24 पाच पात्यांची. चिनूकला पुढे-मागे तीन-तीन पात्यांचे दोन पंखे आणि शेपटीला पंखाच नाही, त्यामुळे ते लहान मूलही ओळखेल.

ही मोजणी किती कामाची आहे ते ‘रॅम्बो 3’मध्ये (1988) पाहा. शीतयुद्धाच्या काळात हॉलिवूडला मि-24 मिळणं अशक्य, म्हणून फ्रेंच प्यूमाला खोटे पंख चढवून सोव्हिएत हेलिकॉप्टर केलं. ‘रेड डॉन’मध्येही (1984) हेच सोंग. समोरून बघणारा फसतो, पण पाती चारच. आता खाली या. मि-24च्या मुख्य चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना एकेकच चाक असतं, प्यूमाला जोडचाकं. दारही बघा: प्यूमाचं मोठं दार बाजूला सरकतं, मि-24चं दार आडवं दुभागलेलं असतं, वरचा अर्धा वर उघडतो आणि खालचा खाली.

पात्यांनंतर शेपटी. ब्लॅक हॉकचा शेपटीचा पंखा उजव्या बाजूला आणि किंचित कललेला असतो. अपाचीचा डाव्या बाजूला, आणि त्याची चार पाती काटकोनात नसून उघड्या कात्रीसारखी दिसतात. गझेलचा पंखा शेपटीच्या आत, गोल कोंदणात बसवलेला असतो. ‘ब्लू थंडर’मधलं (1983) चिलखती राक्षस म्हणजे मुळात गझेलच, आणि ती चुगली ही शेपटीच करते. ब्लॅक हॉक आणि त्याचा नौदलातला भाऊ सीहॉक यांच्यात घोटाळा होत असेल तर मागचं चाक बघा. ब्लॅक हॉकचं पार शेपटीच्या टोकाशी असतं, सीहॉकचं जहाजावर उतरता यावं म्हणून बरंच पुढे आणलेलं असतं.

पंखा कुठल्या दिशेने फिरतो हीसुद्धा चांगली खूण. वरून पाहिलं तर अमेरिकन हेलिकॉप्टरांचा घड्याळाच्या उलट फिरतो, रशियन आणि फ्रेंच हेलिकॉप्टरांचा घड्याळाप्रमाणे. पण इथे कॅमेरा दगा देतो. मि-24चा पंखा मिनिटाला साधारण 240 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चार. सेकंदाला 24 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी पातं दर फ्रेमला 60 अंश सरकतं. पाच पात्यांमधलं अंतर मात्र 72 अंशांचं. त्यामुळे पुढच्या फ्रेममध्ये मागचं पातं पहिल्याच्या जागेपासून 12 अंश अलीकडे पोचलेलं असतं, आणि पंखा सावकाश उलटा फिरतोय असं वाटतं. चार पात्यांचा पंखा मिनिटाला नेमका 360 फेरे घेत असेल तर तो चक्क थांबलेलाच दिसतो. म्हणून दिशा ठरवायची ती इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या दोन-चार फेऱ्यांवरूनच.

हीच दिशा अपघाताच्या दृश्यात तपासा. शेपटीचा पंखा तुटला की हेलिकॉप्टरचं धड मुख्य पंख्याच्या उलट गरगरतं, म्हणजे ब्लॅक हॉक वरून पाहता घड्याळाप्रमाणे. संगणकावर रचलेल्या दृश्यात ते कधीकधी दुसऱ्याच बाजूला फिरतं. ‘ब्लॅक हॉक डाऊन’साठी (2001) अमेरिकी लष्कराने खरी हेलिकॉप्टरं आणि वैमानिक मोरोक्कोत पाठवले होते, तेव्हा तुलनेला तो चित्रपट उत्तम. आणि इंजिन बंद पडताच हेलिकॉप्टर धोंड्यासारखं कोसळत असेल तर ते पटकथेचं काम. खरा वैमानिक पात्यांचा कोन लगेच कमी करतो, मग खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते आणि पुरेशी उंची असेल तर उतरताही येतं.

आवाजावर फार भिस्त ठेवू नका. ह्यूईचा पंखा मिनिटाला सुमारे 324 फेरे घेतो. दोन पाती धरली तर सेकंदाला जेमतेम अकरा ठोके, म्हणून तो धप-धप असा सुटा सुटा ऐकू येतो. ब्लॅक हॉकचे ठोके सतराच्या आसपास, ते एकमेकांत मिसळतात. संकलकांना ह्यूईची धपधप इतकी प्रिय की ती कुठल्याही हेलिकॉप्टरला चिकटवली जाते. पडद्यावर चार पाती आणि कानात ह्यूई असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. इअरफोन न लावता केबिनमध्ये शांतपणे निरोप घेणारे नायक तर सोडूनच द्या.

खरं हेलिकॉप्टर की संगणकाचं, हे जमिनीवरून कळतं. मि-17 भरून निघालं तर वजन 13 टनांपर्यंत जातं, आणि तेवढं वजन हवेत ठेवायला पंखा तेवढ्याच जोराने हवा खाली लोटतो. गवत झोपायला हवं, माणसांनी वाकून डोळे मिटायला हवेत. सैनिकाच्या बाहीची घडीही हलत नसेल तर हेलिकॉप्टर नंतर चिकटवलेलं आहे.

भारतीय युद्धपटांत साल आणि यंत्र यांची सांगड घालून बघा. डिसेंबर 1971मध्ये मेघना नदीपलीकडे सैन्य उतरवलं ते मि-4ने: चार पाती, चार चाकं, नाकात पिस्टन इंजिन. 1971च्या कथेत पाच पात्यांचं मि-17 आलं तर ती चूक, कारण ते 1980च्या दशकात आलं. चेतक मात्र चालेल. भारतीय वायुदलाची चिनूक आणि अपाची 2019च्या आधीच्या कथेत नकोत.

सराव करायचा तर नाशिककरांची चैन आहे. लष्कराच्या वैमानिकांची प्रशिक्षण शाळा तिथे गांधीनगरला असल्याने चेतक आणि चीता डोक्यावरून जातच असतात. चीताची शेपटी पत्र्याने न मढवलेली, उघड्या नळ्यांची असते आणि खाली चाकांऐवजी स्किड, म्हणजे जमिनीवर टेकणाऱ्या दोन लांब नळ्या असतात. चेतकला तीन चाकं. तळाचे फोटो काढू नका, नुसतं वर बघा.

एवढं करूनही अडलंच तर शेपटीवरचा क्रमांक वाचा. भारतीय वायुदलाच्या हेलिकॉप्टरचा क्रमांक ‘झेड’ने सुरू होतो, नागरी हेलिकॉप्टरचा ‘व्हीटी’ने. क्रमांकच नसेल तर त्या जागी थोड्या वेगळ्या हिरव्या रंगाचा चौकोन दिसतो का ते बघा. दिसला, तर त्याखाली बहुतेक ‘व्हीटी’च असतं.