हंटिंग्टनची चाचणी करायची की नाही, हे ठरवताना

आमचे अण्णा टेलर. त्रेचाळिसाव्या वर्षी ते सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागले. चष्मा लागला असेल, असं आम्हाला वाटलं. मग कापडावरची खडूची रेघ वाकडी जायला लागली, बसल्याबसल्या खांदे उडायला लागले आणि मास्तर दिवसाढवळ्या पितात, असं गावात बोललं जाऊ लागलं. हंटिंग्टन, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार, हे नाव कळायला सहा वर्षं गेली. त्या दिवशी डॉक्टरांनी आईला विचारलं, "मुलं दोनच का?" ते का विचारलं, हे मला एसटीत परतताना उमगलं.

धाकट्या भावाने चाचणी केली. मी अजून केलेली नाही. तुम्ही याच उंबरठ्यावर उभे असाल, तर आम्हाला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं, म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी आजारी माणसाचा डीएनए रिपोर्ट शोधा. 'हंटिंग्टनसारखं दिसतंय' एवढ्यावर स्वतःचं रक्त देऊ नका. घरातला आजार दुसराच निघाला, तर तुमच्या नॉर्मल रिपोर्टला काही अर्थ राहत नाही.

मग हिशेब समजून घ्या. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही. भावाचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "म्हणजे आता तुझ्यावर आलं गं." तसं अजिबात नसतं. त्याच्या निकालाने माझी शक्यता तसूभरही बदलली नाही.

चाचणीत चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात, ते मोजतात. २६ पर्यंत काळजी नाही. ४० किंवा जास्त असेल, तर पुरेसं आयुष्य लाभल्यास आजार होणारच. पण मधलेही आकडे असतात. ३६ ते ३९ म्हणजे होईल किंवा होणारही नाही. २७ ते ३५ असेल तर सहसा स्वतःला त्रास होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, विशेषतः वडिलांकडून येताना. फक्त हो किंवा नाही ऐकायची तयारी करून गेलात आणि ३८ हातात पडले तर काय, हाही विचार आधीच करायचा. आकडा मोठा असेल तर आजार साधारणपणे लवकर सुरू होतो, पण नेमका कुठल्या वर्षी, ते रिपोर्ट सांगत नाही. शरीराच्या अनावर हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिनसारखं औषध आहे. आजार थांबवणारं मात्र नाही.

आता खरं काम. वहीच्या एका पानावर 'आहे' आणि दुसऱ्यावर 'नाही' असं लिहा आणि निकालानंतरच्या सोमवारी सकाळी तुम्ही काय वेगळं कराल, ते खाली मांडा. भावाचं पान भरलेलं होतं. त्याचं लग्न ठरत होतं, मुलीला तो आधीच सगळं सांगणार होता आणि मूल होऊ द्यायचं का, हे त्या दोघांना ठरवायचं होतं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. माझ्या दोन्ही पानांवर 'शाळेत जाईन, तिचा डबा करीन' एवढंच आलं. म्हणून मी थांबले. माझ्याकडे पुढेही ही वाट उघडी आहे. एकदा कळलं की ते परत न कळल्यासारखं करता येत नाही.

सासरचे म्हणतात म्हणून चाचणी करू नका. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा तुम्ही स्वतः खचलेले असाल, तेव्हाही नको. आणि लक्षण नसलेल्या लहान मुलांची तर नाहीच. अठरा वर्षांनंतर तो त्यांचा निर्णय.

हातातून वाटी निसटली की माझ्या पोटात आजही गोळा येतो. वाटी सगळ्यांच्याच हातून पडते. पण अशा गोष्टी वारंवार घडायला लागल्या, तर आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. लक्षणं असताना केलेली तपासणी ही वेगळी गोष्ट आहे.

भाऊ पहिल्यांदा एका लॅबमध्ये गेला, तेव्हा काउंटरवर पैसे घेऊन "रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येईल" असं सांगितलं. तो रक्त न देता परतला, ते फार बरं झालं. जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या सल्लागाराला, आधी भेटा, एकदा नव्हे, निदान दोनदा. निकाल समोरासमोरच घ्या. रक्त दिल्यावरही 'मला निकाल नको' म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. आयुर्विमा काढायचा असेल तर चाचणीआधी काढा, आणि फॉर्मवर आईवडिलांच्या आजाराबद्दल विचारलेलं असेल तर खरं तेच लिहा.

तुमच्या निकालातून दुसऱ्याचं गुपितही उघडं पडू शकतं. आजोबांना आजार आहे, वडिलांनी चाचणी केलेली नाही आणि नातवाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर वडिलांना न विचारता त्यांचाही निकाल लागतो. त्यांच्याशी आधी बोला.

चांगला निकालही सोपा नसतो. भाऊ घरी आला आणि माझ्या नजरेला नजर देईना. चार महिने त्याने फोनवर फक्त पावसापाण्याचं विचारलं. काउन्सेलरने हे आधी सांगितलं होतं, म्हणून आम्ही निभावलो.

अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्स्लर यांची आई या आजाराने गेली. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, १९९३ मध्ये जनुक सापडलं त्यात त्यांचा मोठा वाटा. स्वतःची चाचणी केली की नाही, हे त्यांनी बरीच वर्षं लोकांना सांगितलं नाही. २०२० मध्ये आपल्याला हा आजार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. लोक मला "घाबरतेस का?" विचारतात, तेव्हा मला त्या आठवतात.

धाकट्या काकांनाही आता निदान झालंय. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीची काउन्सेलरशी पहिली भेट आहे. "ताई, तूच चल," म्हणाली. मी नाही म्हटलं. सोबतीला असा माणूस हवा ज्याच्या रक्तात हाच प्रश्न नाही. तिची कॉलेजची मैत्रीण जाणार आहे. मी संध्याकाळी भाकरी टाकून ठेवीन.